फ्रॅन बो: भीती कुठे टिकते आणि कुठे सुटते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘फ्रॅन बो’ हा भयगेम नुकताच संपवला. पहिलं प्रकरण खेळल्यावर रात्री दिवा लावून झोपावं लागलं. तिसऱ्या प्रकरणापासून मात्र भीती ओसरली, कोडीही डोक्यात शिरेनात आणि शेवटी दोन-तीन वेळा उत्तरं शोधून पुढे जावं लागलं. यात चूक माझी की गेमची? आणि स्वतः असा छोटा भयगेम करायचा झाला, तर यातलं काय उचलावं, काय टाळावं?

मी गेली तेरा वर्षं पॉइंट-अँड-क्लिक गेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या वस्तूंवर क्लिक करत पुढे जायच्या गेमसाठी, कोडी रचते, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं भयकथांसाठीच. ‘फ्रॅन बो’ चार वेळा पूर्ण खेळले आहे, दोनदा खेळाडू म्हणून आणि दोनदा शेजारी वही ठेवून. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. कथेतले काही तपशीलही उघड होतील. ज्यांना तो कोरा खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं.

आधी निकाल सांगते. चूक तुमची नाही. तुमच्या तक्रारी दिसायला दोन आहेत, पण मुळात ती एकच तक्रार आहे. भीती आणि कोडं दोन्ही एकाच गोष्टीवर जगतात: खेळाडूचा ज्यावर विश्वास बसलाय अशा नियमावर. खोलीत सगळं नेहमीसारखं असेल तरच त्यातली एक बिघडलेली वस्तू अंगावर येते. आणि सगळं नेहमीसारखं वागत असेल तरच ‘हे तिकडे लावून बघू’ हा तर्क चालतो. तो नियम सुटला की भीती आणि तर्क एकदमच जातात. तिसऱ्या प्रकरणात तुम्हाला हेच जाणवलं.

न खेळलेल्यांसाठी दोन ओळी. स्वीडनमधल्या किलमंडे गेम्स या छोट्याशा स्टुडिओने, म्हणजे नतालिया आणि इसाक मार्टिन्सन या जोडप्याने, हा गेम २०१५ च्या ऑगस्टमध्ये आणला. काळ १९४४ चा. दहा वर्षांच्या फ्रॅनला घरात आईवडिलांची छिन्नविच्छिन्न प्रेतं दिसतात, आणि त्यानंतर ती ऑस्वल्ड नावाच्या मुलांच्या मनोरुग्णालयात येते. तिला दोनच गोष्टी हव्या आहेत: हरवलेलं काळं मांजर मिस्टर मिडनाइट, आणि ग्रेसमावशीचं घर.

आता गोळी. या गेमबद्दल बोलताना सगळे रक्ताबद्दल आणि चित्रांच्या शैलीबद्दल बोलतात. माझ्या मते त्याची खरी कमाई ड्युओटिनची, म्हणजे फ्रॅनच्या औषधाच्या गोळ्यांची, बाटली आहे. पडद्यावर बाटलीचं छोटं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की फ्रॅन गोळी घेते आणि खोली बदलते. खोली तीच असते, भिंती, पलंग, दार सगळं जागच्या जागी. फक्त भिंतीवर रक्ताने काहीतरी लिहिलेलं दिसतं, रिकाम्या जागी मेलेलं जनावर लटकत असतं, शांत बसलेल्या मुलाच्या शेजारी एक काळी आकृती उभी असते. पुन्हा क्लिक केलं की सगळं पूर्ववत.

हे इतकं का चालतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, नियम दोन मिनिटांत कळतो आणि तो गेम तुम्हाला शब्दांनी समजावत बसत नाही. एक खोली, दोन रूपं, मध्ये एक बटण. दुसरी गोष्ट, पुढे जाण्याचा दुवा बहुतेक वेळा त्या भयाण रूपातच असतो. नेहमीच्या खोलीत तुम्ही अडकता, सगळं तपासून होतं, आणि मग तुमच्या लक्षात येतं की गोळी घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तुम्ही घाबरायचं स्वतः ठरवता. कोणी अंधारातून उडी मारत नाही, कुठे आवाज अचानक वाढत नाही. कर्सर बाटलीवर जातो, बोट अर्धा क्षण थांबतं, मग दाबतं. त्या अर्ध्या क्षणासाठी आम्ही डिझायनर जीव टाकतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. दोन्ही रूपांत वस्तूंची जागा जुळत असल्यामुळे डोळा आपोआप तुलना करायला लागतो. इथे आधी काय होतं? हा डाग तिकडेही होता का? ही तुलना म्हणजेच कोडं सोडवणं, आणि ही तुलना म्हणजेच घाबरणं. बहुतेक भयगेममध्ये आधी भीतीचा प्रसंग येतो, तो संपला की कोडं येतं, मग पुन्हा भीती. दोन वेगळ्या डब्यांची गाडी. इथे भीती हेच भिंग आहे, त्यातूनच सुगावा दिसतो.

फ्रॅनच्या बोलण्याचंही श्रेय आहे. समोर काहीही भयानक असलं तरी ती एखाद्या नीट वाढवलेल्या मुलीसारखी बोलते, कुतूहलाने, बऱ्याचदा सभ्यपणे. ती किंचाळली असती तर आपली भीती तिने वाटून घेतली असती. ती किंचाळत नाही, म्हणून सगळा भार आपल्यावर येतो.

आता या प्रकाराची एक अडचण सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पॉइंट-अँड-क्लिकमध्ये पळायचं नसतं, नेम धरायचा नसतो, आणि सहसा मरायचंही नसतं. खेळाडूला पाच मिनिटांत कळतं की आपल्याला काही होणार नाही. मग भीती आणायची कुठून? एकच जागा उरते: त्याचा स्वतःचा हात. दार आपोआप उघडलं तर दचकायला होतं, पण तेच दार ‘तू उघड’ म्हणून समोर उभं राहिलं तर घसा कोरडा पडतो. ज्या गेमना हे उमगलं ते तगले. नेदरलँड्समधल्या रस्टी लेक स्टुडिओचा ‘रस्टी लेक होटेल’, तोही २०१५ चाच, या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. हॉटेलात प्राण्यांची तोंडं असलेले पाच पाहुणे येतात, आणि तुम्ही रोज रात्री एकाच्या खोलीत जाऊन कोडी सोडवता. कोडी सुबक आहेत, सुटली की समाधान मिळतं, आणि सुटण्याचा अर्थ त्या पाहुण्याचा जीव जाणं हा असतो, कारण त्याचंच जेवण बाकीच्यांना वाढायचं असतं. खेळाडूची हुशारी हेच हत्यार. रक्त फारसं न दाखवताही तो गेम माझ्या अंगावर काटा आणतो.

स्पेनमधल्या द गेम किचनचा ‘द लास्ट डोअर’ (२०१३) दुसऱ्या टोकाचा. तिथे पिक्सेल इतके मोठे आणि ढोबळ की माणसांचे चेहरेही धड दिसत नाहीत. जे दिसत नाही ते तुमचं मन भरून काढतं, आणि मन कधी हात आखडता घेत नाही. छोट्या स्टुडिओकडे चित्रांसाठी पैसे नसतात, ही उणीव त्यांनी भीतीच्या कामाला जुंपली. तुम्ही एकट्याने गेम करणार असाल तर हा धडा सोन्याचा आहे.

तर मग ‘फ्रॅन बो’ तिसऱ्या प्रकरणात कुठे घसरतो?

फ्रॅन इथर्स्टा नावाच्या जगात पोचते. झाडामुळांसारखे जीव, विचित्र राजा, स्वतः फ्रॅनचंच वनस्पतीत झालेलं रूपांतर. गोळ्यांच्या जागी तिच्या हातात ऋतू बदलणारं घड्याळ येतं. यंत्रणा म्हणून बघितलं तर हे गोळीचंच भावंड आहे. बटण दाबा, तीच जागा वेगळ्या रूपात बघा, इथलं तिथे न्या. कागदावर कल्पना उत्तम. दोनऐवजी चार रूपं, म्हणजे कोडी जास्त गुंफता येतील. पण खेळताना हाताला काही लागत नाही.

कारण असं. मनोरुग्णालयात किल्ली काय करते, कपाट काय करतं, नर्स कशाला हरकत घेईल हे तुम्ही जन्मभर जगून शिकलेले असता. गेमला ते शिकवावं लागत नाही. त्या भरवशावर गोळी घाव घालते. इथर्स्टात भरवसा ठेवावा असं काहीच नाही. बोलणारं झाड, चालणारं मूळ, सगळंच आधीपासून विलक्षण. ऋतू बदलला तर बदलला! तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि पुढे बघता. विलक्षणात विलक्षण मिसळलं की ते सजावट होऊन बसतं. भीती गेली. आणि त्याच कारणाने तर्कही गेला, कारण जिथे कोणतीही वस्तू काहीही करू शकते तिथे अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा? मग माणूस पिशवीतली प्रत्येक वस्तू पडद्यावरच्या प्रत्येक ठिकाणी लावत सुटतो. तुम्ही तेच केलंत ना? सगळे तेच करतात.

याचा अर्थ ते प्रकरण वाईट आहे असा मी लावत नाही. चित्रं अप्रतिम आहेत, फ्रॅनला तिथे पहिल्यांदा माया मिळते, आणि कथेला त्या उबेची गरज होती. मला दुसऱ्यांदा खेळताना ते जास्त भावलं. पण त्या उबेसाठी भयगेमने आपलं सगळ्यात धारदार अवजार काढून ठेवलं, आणि पुढे भयाकडे परतताना ती धार पुरती आली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान एक ऋतू असा हवा होता की ज्यावर काटा नेताना बोट थांबावं.

आता अडकण्याबद्दल. हे या प्रकाराचं मूळ दुखणं आहे, एकट्या ‘फ्रॅन बो’चं नाही. माझ्याच एका गेमची गोष्ट सांगते, म्हणजे मुद्दा डोळ्यांसमोर येईल.

एका खोलीत मी झाकलेला आरसा ठेवला होता. कापड काढलं की त्यात नायिकेचं प्रतिबिंब दिसायचं, पण अर्धा सेकंद उशिरा हलायचं. प्लेटेस्टला, म्हणजे कच्चा गेम खेळून बघायला, आलेल्या मुलीने कापड काढलं, कर्सर डावीकडे नेला, प्रतिबिंब मागून आलं, आणि ती खुर्चीत मागे सरकली. मी मागच्या बाजूला बसून खूश. पुढे जायला तिला कपाटाच्या तिसऱ्या खणातली कात्री हवी होती. त्या खणाची मूठ मी फार बारीक काढली होती. तिला ती दिसेना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. ती साबण आरशाला लावून बघत होती, मेणबत्ती आरशाला लावून बघत होती, आणि दर वेळी नायिका तेच वाक्य म्हणत होती, “याचा इथे उपयोग नाही.” बावीस मिनिटांनी मी थांबवलं आणि विचारलं, आरसा कसा वाटला? ती म्हणाली, “आता आरसा दिसतच नाही. फक्त क्लिक करायच्या जागा दिसतात.”

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. भीतीला आयुष्य असतं आणि ते फार थोडं असतं. भयानक दृश्य पहिल्यांदा दिसतं तेव्हा ते दृश्य असतं. विसाव्यांदा दिसतं तेव्हा तो नुसता पसारा असतो. साध्या साहसगेममध्ये खेळाडू अडकला तर तो वैतागतो, इतकंच. भयगेममध्ये तो अडकला की त्याची भीती विझते, आणि एकदा विझलेली भीती त्याच खोलीत पुन्हा पेटत नाही.

मी मूठ मोठी केली, ते तर करायचंच होतं. पण खरी दुरुस्ती आरशात केली. खेळाडू चार मिनिटं पुढे सरकला नाही तर प्रतिबिंब मान वळवून कपाटाकडे बघायला लागतं. आणखी दोन मिनिटं गेली तर आरशातला तिचा हात तिसऱ्या खणावर टेकलेला असतो, इकडे खऱ्या खोलीत मात्र ती मधोमध उभी असते. मदतही मिळते आणि आधीपेक्षा जास्त भीतीही वाटते. पुढच्या फेरीत त्या खोलीत कोणी सात मिनिटांच्या वर थांबलं नाही. इशारा द्यायचाच आहे तर तो भयाच्या तोंडून द्यावा. कोपऱ्यात दिव्याचं चित्र आणि त्यावर ‘मदत’ असं लिहिलेलं असलं की खेळाडू खोलीतून बाहेर येतो.

साहसगेमचे नावाजलेले डिझायनर रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये साहसगेम कुठे फसतात यावर एक लेख लिहिला होता, आमच्या धंद्यात तो अजून वाचला जातो. त्यात त्यांनी उलट्या कोड्यांबद्दल लिहिलंय: समस्या दिसण्याआधीच तिचं उत्तर हातात येणं. दोर सापडण्याआधी दरी दिसायला हवी, म्हणजे खेळाडूच्या मनात ‘दोर हवा’ अशी इच्छा तयार होते. नव्वद टक्के वेळा मी हे डोळे मिटून पाळते. पण भयगेममध्ये एक अपवाद मला वर्षानुवर्षं उपयोगी पडलाय. शांत, साध्या स्वयंपाकघरात खेळाडूला सुरी उचलू द्या आणि अर्धा तास तिचं काहीच काम काढू नका. पिशवी उघडली की ती दिसते. प्रत्येक नवीन माणूस भेटला की खेळाडूच्या मनात येतं, ही याच्यासाठी तर नसेल? तिथे उलटं कोडं हा दोष राहत नाही, तीच भीती होते. मात्र अशी वस्तू गेममध्ये एकच असावी. पिशवीत अशा सात वस्तू झाल्या की ती अडगळ होते. ‘फ्रॅन बो’च्या उत्तरार्धात मला काही ठिकाणी अशी अडगळ जाणवली.

प्रकरणांमधले छोटे मिनीगेम मला कधी रुचले नाहीत. हात आणि डोळे वेगळ्याच कामाला लागतात, लागलेली तंद्री मोडते. शेवटाबद्दल लोक फार भांडतात: हे सगळं खरं की फ्रॅनच्या मनातलं? उत्तर न देणं मला चालतं. पण इतकी जगं, इतकी नावं, इतके जीव शेवटच्या टप्प्यात भराभर ओतले जातात की न कळण्यात गूढ किती आणि घाई किती हे वेगळं काढता येत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी थांबून बोलणार आहे, कारण तुम्ही स्वतः गेम करणार आहात. मनोरुग्णालय, गोळ्या, भास हा सगळा ऐवज भयगेमवाले फार सहज वापरतात. ‘फ्रॅन बो’ची जमेची बाजू अशी की तो शेवटपर्यंत त्या मुलीच्या बाजूने उभा राहतो. तिचा आजार हा राक्षस नाही; राक्षस तिच्याशी वागणाऱ्या मोठ्यांमध्ये आहे. हे मोठं आणि प्रामाणिक काम आहे. पण गोळी म्हणजे भयाण जगाचं दार, हे चित्र गेमच्या गाभ्यातच बसलेलं आहे. माझ्या एका टेस्टरला खऱ्या आयुष्यात रोज औषध घ्यावं लागतं. गोळीच्या कल्पनेवर उभा असलेला माझा एक कच्चा आराखडा तिला दाखवला तेव्हा तिने शांतपणे विचारलं, “हे खेळल्यावर उद्या सकाळी माझी गोळी मला कशी दिसेल?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आराखडा मी बाजूला ठेवला आणि गोळीच्या जागी एक जुना चष्मा आणला. खेळ तोच राहिला, बटण तेच राहिलं. तुमच्या कथेला औषध खरंच लागत असेल तर जरूर घ्या, पण ते सोयीचं आहे एवढ्यासाठी घेऊ नका.

तुमच्या गेमसाठी काय उचलावं? एक खोली घ्या. खरंच एकच. रस्टी लेकच्या सुरुवातीच्या छोट्या ‘क्यूब एस्केप’ गेममध्ये बऱ्याचदा चार भिंती आणि वळायला दोन बाण एवढंच असतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात गेम संपतो. भीतीच्या आयुष्याशी ही लांबी बरोबर जुळते. ती खोली आधी भीतीशिवाय पूर्ण बनवा. तिथे कोण राहतं, सकाळी कोणतं कपाट आधी उघडतं, खिडकी का बंद असते, सगळं ठरवा. खेळाडूला तिथे तीन-चार मिनिटं नुसतं वावरू द्या, दोन सोपी कोडी सोडवू द्या. त्याचा विश्वास बसला की मग एकच नियम मोडा, आणि तो मोडण्याचं बटण त्याच्या हातात द्या.

कर्सर वस्तूवर नेला की तिचं नाव झळकतं, त्या नावांकडेही लक्ष ठेवा. काय आहे ते ओळखायच्या आधीच ‘मेलेला पक्षी’ अशी पाटी दिसली तर चित्राचं काम पाटीने केलं. मी भयाच्या वस्तूंना नावच देत नाही, फक्त कर्सरचा आकार बदलते. आणि चुकीच्या प्रयत्नाला एकच ठरावीक वाक्य कधीही ठेवू नका. निदान सहा-सात वेगळी लिहा, आणि त्यातलं एखादं असं असू द्या की ते ऐकल्यावर नायिकेला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे अशी शंका यावी.

मग चार माणसांना खेळायला बसवा आणि मागे गप्प बसा. मदत करायची ऊर्मी येईल, ती दाबा. घड्याळ लावून लिहा: कापड केव्हा काढलं, मागे केव्हा सरकले, केव्हा सगळीकडे भराभर क्लिक करायला लागले. मागे सरकल्यापासून भराभर क्लिक सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे तुमच्या भीतीचं आयुष्य. माझ्या खोल्यांमध्ये तो बहुतेक वेळा सहा ते नऊ मिनिटांच्या दरम्यान निघतो. कोडं त्याच्या आत सुटायला हवं, किंवा त्या वेळी खोलीने काहीतरी नवीन करायला हवं.

उरला तुमचा उत्तरं शोधून बघण्याचा प्रश्न. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पाच-सात मिनिटं अडकलात आणि खोली भयाण वाटेनाशी झाली की खुशाल उत्तर बघा आणि पुढे सरका, म्हणजे पुढच्या खोलीसाठी भीती शिल्लक राहील. इथर्स्टात, पहिल्या वेळी, ऋतूंच्या घड्याळापाशी मीही तेच केलं होतं.